फलकावर ‘निर्दोष’ हा शब्द लिहावा का? – सोलापूरचे चार हुतात्मे आणि सत्तेचा न्याय

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी.

आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयाने येत्या १२ जानेवारीला दर्शनी भिंतीवर चार हुतात्म्यांचा फलक लावायचे ठरवले आहे आणि त्यावरचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जागा अडीच फूट बाय दोन फूट, म्हणजे ठळक अक्षरांत जेमतेम आठ-दहा ओळी बसतील. माझा मसुदा असा होता : ‘मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार निर्दोष सुपुत्रांना ब्रिटिश सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी दिले.’ बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘निर्दोष’ या शब्दावर बोट ठेवले. ते म्हणाले, “निर्दोष म्हणजे ज्याने काही केले नाही तो. यांनी काही केलेच नसेल तर दरवर्षी आपण हार कशाला घालतो?” माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते. चार दिवस तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

सोलापूरकरांना घटनाक्रम पाठ आहे, तरी बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाली. ती बातमी येताच शहर रस्त्यावर आले, गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी शिंदीची (ज्यांच्या रसापासून दारू होते ती) झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग लोकांचा राग पोलीस चौकीवर आणि कोर्टाच्या इमारतीवर निघाला. मंगळवार पेठ चौकीतील दोन पोलीस या दंगलीत मारले गेले. पोलीस शहरातून निघून गेले आणि ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापूर स्वतःच स्वतःचे राज्य चालवत होते. त्यानंतर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आला. दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला ते हे चौघे.

मी ‘निर्दोष’ का लिहिले ते सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी यांच्याविषयी आमच्या आजोबांच्या पिढीपासून एकच गोष्ट सांगितली जाते. ८ मे रोजी जमाव कलेक्टर नाईट यांच्यावर चालून गेला, तेव्हा मध्ये उभे राहून लोकांना आवरणारे धनशेट्टीच होते. ज्याने साहेबाचा जीव वाचवला त्यालाच साहेबाच्या सरकारने खुनी ठरवले, ही गोष्ट ऐकतच माझ्यासारखी मुले मोठी झाली. लहानपणी मला त्यात कृतघ्नपणा दिसायचा. आता वाटते की गोष्ट त्याहून वाईट आहे. जमावातले हजारो चेहरे सरकारला ओळखू येत नव्हते. ओळखू येत होते ते पुढे उभे राहिलेले, नावगाव असलेले, सभेत बोलणारे, वर्तमानपत्र चालवणारे. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते. अशा माणसांचा पत्ता सर्वांना ठाऊक असतो. आपण काही लपवण्यासारखे केलेले नाही असे ज्याला वाटते तो रात्री गाव सोडून जात नाही, घरी जेवून झोपतो आणि त्यामुळे पहाटे घरीच सापडतो.

तुमचे मत हवे आहे. शब्द ठेवावा का काढावा?

---

जुनी_मिल

काढावा. माझे पणजोबा ज्या गिरणीत होते तिचेच नाव मी इथे घेतले आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात ममत्व आहे हे आधीच कबूल करतो.

निर्दोष म्हटले की डोळ्यांसमोर येतो चुकून पकडला गेलेला, हात जोडून उभा असलेला गरीब माणूस. हे चौघे तसे नव्हते. सरकार ज्याला गुन्हा समजत होते तो त्यांनी उघडपणे आणि समजून उमजून केला होता. शिंदीच्या झाडांचेच घ्या. आजच्या वाचकाला वाटेल की झाडे तोडणे म्हणजे दारूबंदीचा एक भाबडा कार्यक्रम. पण शिंदी म्हणजे अबकारी, दारूवरचा सरकारी कर. गिरणीतला कामगार पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जे ठेवून येत असे त्यातला वाटा सरकारच्या तिजोरीत जात होता, आणि त्याच कामगाराला आवरायला लागणाऱ्या पोलिसांचा पगार त्याच तिजोरीतून निघत होता. झाडावर कुऱ्हाड पडली ती या व्यवस्थेच्या मुळावर पडली. सरकारलाही ते कळले, म्हणून झाडांसाठी गोळी चालली.

त्याच्या एक महिना आधी, ६ एप्रिल १९३० रोजी, पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज लागला होता. देशात असा मान मिळवणारी ही पहिली नगरपालिका, असे सांगितले जाते. मग मे महिन्यात तीन दिवस स्वयंसेवकांनी चौकाचौकांत उभे राहून वाहतूक सांभाळली, बंदोबस्त ठेवला. कुठल्याही सत्तेला दंगल सोसते, कारण दंगल झाली की लोकांना सरकारची गरज पटते. सरकार नसताना गाव नीट चालले, हे मात्र तिला सोसत नाही. चौघांना शिक्षा झाली ती त्या तीन दिवसांची. खुनाचे कलम हे तिचे कागदोपत्री नाव.

म्हणून ‘निर्दोष’ लिहून त्यांना लहान करू नका. ‘वीर’ लिहा.

---

वकीलबाई

मी जिल्हा न्यायालयात बावीस वर्षे फौजदारी कामे चालवते आहे, त्यामुळे ‘निर्दोष’ हा शब्द रोज कानावर पडतो. तो कोर्टात काय अर्थाने वापरतात तेवढे सांगते.

कोर्टात कोणीही ‘सर्वसाधारणपणे निर्दोष’ नसतो. माणूस एखाद्या विशिष्ट आरोपातून निर्दोष असतो. जुनी_मिल म्हणतात त्याप्रमाणे या चौघांनी कायदेभंग केला असेल, तरीही खुनाच्या आरोपात ते निर्दोष असू शकतात, आणि या दोन गोष्टींत काहीही विसंगती नाही. उलट सत्तेची लबाडी नेमकी याच फटीतून आत शिरते. ज्या कामासाठी माणूस नको झाला आहे त्या कामाला मोठी शिक्षा नसते, म्हणून ज्याला मोठी शिक्षा आहे असे काम त्याच्या नावावर लावायचे. सभा भरवल्याबद्दल फाशी देता येत नाही. खुनाबद्दल देता येते.

जमावाच्या खटल्यात हे करणे फार सोपे असते. बेकायदा जमावाच्या समान उद्देशाचे कलम १८६० च्या दंडसंहितेत १४९ क्रमांकाचे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १९० क्रमांकाचे आहे. दगड कोणी मारला हे सिद्ध करावे लागत नाही. माणूस जमावाचा सभासद होता आणि जमावाचा उद्देश अमुक होता, एवढे दाखवले की पुरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हा धोका दिसला होता. १९६४ च्या मसाल्टी खटल्यात न्यायालयाने म्हटले की आरोपी आणि साक्षीदार दोन्ही पुष्कळ असतात तेव्हा एखाद्या आरोपीविरुद्ध दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगत हकीकत सांगितली असेल तरच त्याला दोषी धरणे शहाणपणाचे. हे शहाणपण १९३१ नंतर ३३ वर्षांनी कागदावर आले.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सोलापूरच्याच माणसाला पटकन कळेल. या चौघांच्या घरांतून कानडी, उर्दू, मराठी आणि मारवाडी या चार भाषा येतात. आपल्या गावात आजही साक्षीदार एका भाषेत बोलतो आणि कागद दुसऱ्या भाषेत लिहिला जातो. मागे एका प्रकरणात शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली एक विडी कामगार बाई माझी साक्षीदार होती. तिचा पोलिसांपुढचा जबाब अस्खलित मराठीत होता : ‘मी सदर इसमास चांगले ओळखते.’ साक्षीच्या आधी मी तिला तो वाचून दाखवला, तर ती तेलुगूत म्हणाली की त्या माणसाला तिने फक्त पाठमोरा पाहिला होता. तिच्या बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग होता आणि अंगठ्याचा ठसा मात्र कागदावर अगदी स्वच्छ उमटलेला होता. मला तेव्हा धसका बसला. एका वाक्यात ‘पाठमोरा’चे ‘चांगले ओळखते’ झाले होते, आणि तिने कुणाचे वाईट चिंतलेले नव्हते. लिहिणाऱ्याला साहेबाला काय हवे आहे ते ठाऊक होते, एवढेच.

माझे मत : शब्द ठेवा, पण कशातून निर्दोष ते लिहा.

---

विजापूर_वेस

एक जोड द्यावीशी वाटते. गांधीजींना ५ मे रोजी ज्या कायद्याखाली उचलले तो १८२७ सालचा मुंबई इलाख्याचा विनियम होता आणि त्याखाली खटला चालवण्याची गरजच नव्हती. ते २६ जानेवारी १९३१ पर्यंत येरवड्यातच होते. म्हणजे आपल्या चौघांना ज्या दिवशी फाशी दिले त्या दिवशी त्याच तुरुंगाच्या भिंतींआड गांधीजी होते. एकाला खटल्याशिवाय ठेवले, चौघांना खटला चालवून मारले. ज्याला मारले तर देश पेटेल त्याच्यासाठी वेगळे हत्यार, ज्यांना मारले तर एकच गाव रडेल त्यांच्यासाठी वेगळे.

---

तुळजापूर_वेस

बाळीवेसकर, तुम्ही लिहिलेले ‘घरी जेवून झोपतो आणि पहाटे घरीच सापडतो’ हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. माझ्या वडिलांच्या बाबतीत शब्दशः असेच झाले. त्यांची तुलना हुतात्म्यांशी करण्याचा माझा अजिबात विचार नाही. पण या धाग्याचा विषय निष्पाप माणूस आणि बिघडलेली सत्ता हा असेल, तर त्याचे आजचे छोटे रूप कसे असते ते सांगायला हवे.

वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, होते. २०११ साली आमच्या बोळातल्या गटाराचे काम झाले. तिथे लावलेल्या कामाच्या फलकावर लांबी १४० मीटर होती. वडिलांनी मागाचा कापड मोजायचा टेप घेऊन रविवारी सकाळी ती मोजली, मी दुसरे टोक धरले होते. ९२ मीटर भरली. त्यांनी माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. कायद्यात तीस दिवस आहेत, पन्नास झाले तरी उत्तर आले नाही, म्हणून ते संबंधित कार्यालयात विचारायला गेले. ठेकेदार स्थानिक पुढाऱ्याच्या जवळचा होता आणि तो तिथेच बसलेला होता. वडील दहा मिनिटांत परत आले आणि ‘पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले’ असे आईला सांगून जेवायला बसले. पहाटे साडेपाचला दार वाजले. शासकीय कामात अडथळा, कलम ३५३.

जामीनदार म्हणून उभे राहायला ज्याच्या नावावर घर आहे असा नातेवाईक शोधण्यात आणि त्याचा ऐपतीचा दाखला काढण्यात दोन दिवस गेले. मग आठ वर्षे तारखा. साहेब रजेवर, फिर्यादी गैरहजर, तपासी अंमलदाराची बदली. वडील प्रत्येक तारखेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जात. पट्टेवाला पुकारा करायचा तेव्हा नावाच्या आधी ‘आरोपी’ म्हणायचा, आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत वडील उभे राहिलेले असत, जणू उशिरा उठले तर तेही त्यांच्याविरुद्ध जाईल. २०१९ मध्ये निर्दोष सुटले. निकालपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधी बाहेर काढले नाही. गटार अजून ९२ मीटरच आहे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त छळते ते हे की खटला हरण्यासाठीच दाखल केला होता. शिक्षा व्हावी अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. बोळातल्या बाकीच्या घरांनी वडिलांना दर महिन्याला पांढऱ्या शर्टात कोर्टाकडे जाताना पाहावे, एवढाच हेतू होता, आणि तो पूर्ण झाला. त्यानंतर आमच्या बोळात कुणीही अर्ज केला नाही.

---

वकीलबाई

तुळजापूर_वेस, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणखी एक सांगते, तुम्हाला उपयोग होईल न होईल. त्या कलमाची शिक्षा त्या वेळी दोन वर्षांपर्यंत होती, ती महाराष्ट्राने पुढे २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढवली. कर्मचाऱ्यांवर खरोखर हल्ले होतात, त्यामुळे संरक्षण हवेच, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु मोजमाप पुस्तिका मागणारा माणूस आणि डोके फोडणारा माणूस एकाच कलमात बसू शकतात, आणि त्यांतला पहिला निर्दोष सुटेपर्यंत त्याची आठ वर्षे कोणीही परत करत नाही. जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्यावर उलट कारवाईची तरतूद पुस्तकात आहे. ती वापरायला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तोवर माणूस थकलेला असतो. मोजमाप पुस्तिकेची प्रत मात्र आजही मागता येईल. हवी असल्यास अर्ज मी लिहून देते.

---

हवालदाराची_मुलगी

हा धागा मी दोन दिवस नुसता वाचते आहे. लिहू की नको असे होत होते.

माझे वडील पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे १२ जानेवारीला शाळेत भाषणे व्हायची तेव्हा मी ‘दोन पोलीस मारले गेले’ या वाक्यापाशी अडायचे. पुढचे भाषण मला ऐकू यायचे नाही. ते दोघे कोण होते? शिपाईच असणार. गोळीबाराचा हुकूम त्यांचा नव्हता आणि अबकारीचा पैसाही त्यांच्या घरी जात नव्हता. ८ मे रोजी वरिष्ठ साहेब बंदोबस्तात होते आणि पेठेतल्या चौकीवर हे होते. त्यांचीही बायको-मुले कुठेतरी वाट पाहत असतील.

मला चौघांचा मान तिळमात्र कमी करायचा नाही. मी स्वतः दरवर्षी मुलाला घेऊन चार हुतात्मा चौकात जाते. पण सत्तेने त्या वेळी सहा जणांना वापरले असे मला वाटते. आधी दोघांना चौकीवर ठेवून दिले आणि मग त्यांच्या मरणाचा उपयोग करून चौघांना नेले. त्या दोघांना खरोखर कोणी मारले याचा शोध लागावा अशी सरकारची मनापासून इच्छा असती, तर ज्याने जमाव आवरला त्याच्याकडे ते आधी साक्षीदार म्हणून गेले असते.

फलकावर त्यांच्यासाठी अर्धी ओळ असावी, एवढे माझे मागणे आहे. कुणाला रुचणार नाही, हे मला माहीत आहे.

---

जुनी_मिल

ताई, मला रुचले. सुरुवातीला वाचताना मान आडवी हलली, हे खरे आहे. मग लक्षात आले की त्या वेळचा शिपाई आणि गिरणीतला कामगार हे एकाच चाळीत राहणारे लोक असणार.

‘वीर’ या शब्दाचा माझा आग्रहही मी सोडतो. वकीलबाईंनी सांगितलेला फरक मला मान्य आहे. फक्त एक अट घालतो : मार्शल लॉचा उल्लेख हवाच. गांधी टोपी दिसली की उतरवायला लावणारे ते दिवस होते. त्या दिवसांनंतर उभा राहिलेला खटला शांत काळातल्या खटल्यासारखा वाचता येणार नाही. साक्ष द्यायला आलेल्या प्रत्येक माणसाने त्या आधी संगिनी पाहिलेल्या होत्या.

---

बाळीवेसकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून मजकूर पुन्हा लिहिला. ‘निर्दोष’ हा सुटा शब्द काढला आहे, कारण तो एकटा असताना खरोखरच त्यांना लहान करतो हे मला पटले. ‘सुपुत्र’ही काढला, त्याने काहीच सांगितले जात नव्हते. नवा मजकूर असा :

‘मे १९३० मध्ये सोलापूरच्या जनतेने तीन दिवस स्वतःचे राज्य चालवले. त्याआधीच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले आणि त्या पाठोपाठच्या दंगलीत पेठेतील चौकीवरचे दोन पोलीस शिपाई प्राणास मुकले. सरकारने मार्शल लॉ लावला. दोन शिपायांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. तो खून त्यांनी केला असे सोलापूरने कधीही मानले नाही.’

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडलो होतो. आपण न्यायाधीश नाही, पण हे गाव साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, असा विचार करून ते तसे लिहिले. ज्येष्ठ सभासदांना फोनवर वाचून दाखवले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “शिपायांचे घातलेत ते बरे केलेत.”

पेंटर शनिवारी येणार आहे. गड्ड्याची यात्रा तोंडावर असल्याने त्याच्याकडे कामांची गर्दी आहे, तेव्हा काही दुरुस्ती असल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा.

---

वकीलबाई

‘आरोप ठेवून’ बरोबर आहे, बदलू नका.

---

तुळजापूर_वेस

वडिलांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मोजमाप पुस्तिकेच्या अर्जाबद्दल वकीलबाई काय म्हणाल्या तेही सांगितले. आत्ता तरी ‘बघू’ म्हणाले आहेत, पण आज दुपारी कपाटातून टेप काढून त्याचे आकडे अजून नीट दिसतात का ते बघत होते.

---

विजापूर_वेस

मजकूर उत्तम झाला आहे. एकच सूचना आहे. भिंतीवर जागा निघत असेल तर खाली हेच कानडी, तेलुगू आणि उर्दूतही लिहून घ्या. कानडीचे मी बघतो, उर्दूसाठी आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक तयार आहेत. तेलुगूसाठी पूर्व भागातले कोणी आहे का इथे?

---

बाळीवेसकर

मग फलक मोठा करावा लागेल. चार फूट बाय तीन फुटांचा पत्रा मिळतो का ते उद्या सकाळी विचारतो आणि इथेच कळवतो.